फळ्याच्या नोंदी : नारायण पेठ, मे ते ऑगस्ट २०२५

२५ मे, रविवार

फळा आला. चार फूट बाय तीन फूट, शाळेतल्यासारखा हिरवा. जिन्याच्या तोंडाशी, टपालपेट्यांच्या शेजारी लावला. लिफ्टची वाट बघणारा माणूस दुसरीकडे बघूच शकत नाही, अशी जागा.

रकाने चार: इतिहास, जन्मदिन, वाचायला काही, पदार्थ. कल्पना नवी नाही. शाळेत फळ्यावर दिनविशेष लिहूनच आपण मोठे झालो, आणि १९७३ पासून कालनिर्णयच्या पानामागची पाककृती वाचायची सवय घरोघरी आहे. सुविचार मात्र लिहायचा नाही, हे मी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं. सेक्रेटरी काकांना वाईट वाटलं. त्यांच्याकडे सुविचारांची एक वहीच आहे.

कामाची वाटणी अशी: तारखा आणि मजकूर माझ्याकडे, पदार्थ तळमजल्यावरच्या आजींकडे, अक्षर दुसऱ्या मजल्यावरच्या नववीतल्या मुलाचं. त्याचं अक्षर छापल्यासारखं आहे, फक्त ऱ्हस्व-दीर्घाशी त्याचं वैर आहे. खडू तोच आणणार.

२८ मे, बुधवार

यंदा पाऊस मेअखेरीसच आला आणि जिन्यात पागोळ्या सुरू झाल्या. फळा हातभर आत सरकवला.

जूनची टाचणकार्डं करायला घेतली. एका तारखेला एक कार्ड, मागच्या बाजूला ही तारीख कुठून मिळाली ते. व्हॉट्सॲपवर फिरणारे दिनविशेष बाजूला ठेवले. त्यांत एकाच माणसाचा जन्म दोन तारखांना झालेला असतो आणि दोन्हींकडे गुलाबाचं फूल असतं.

नियम लिहून कार्डांच्या खोक्याला आतून चिकटवला: तारीख कोणी लावली आणि कोणत्या पंचांगाने लावली हे सांगता आलं, तरच ती फळ्यावर. पदार्थांचा नियम आजींचा: मोसमाचा असावा, नाहीतर त्या दिवसाचा असावा, ओढूनताणून नसावा. “गांधीजयंतीला शेळीच्या दुधाचं दही लावायला सांगाल,” असं त्या म्हणाल्या. मी खरंच सांगितलं असतं.

१ जून, रविवार

फळ्याचा पहिला दिवस, आणि १ जून ही तारीख पुण्यासाठी चांगलीच भरलेली निघाली. १९२९ साली याच दिवशी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. ती १९३३ मध्ये पुण्याला आली आणि तिच्या आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. १९३० साली याच दिवशी डेक्कन क्वीन धावू लागली. तिला तिसरा वर्ग १९५५ मध्ये जोडला गेला, तोवर ती ऐपतवाल्यांचीच गाडी होती. तिला डायनिंग कार आहे, त्यामुळे पदार्थाचा प्रश्नच नव्हता. चीज टोस्ट. ब्रेडला आधी लोणी, मग किसलेलं चीज, मिरपूड, हवी तर बारीक चिरलेली मिरची, आणि चीज पसरेपर्यंत मंद आच. आजींनी याला पदार्थ मानायला नकार दिला, पण लिहू दिलं.

जन्मदिनाच्या रकान्यात नर्गिस, १९२९. त्याखाली थोडी जागा होती, म्हणून मुलाने विचारलं, “काकू, बिल्डिंगमधल्यांचे पण टाकू का?” टाक म्हटलं. तासाभरात सहा नावं आली, सगळी सत्तरीच्या पुढची, आणि सगळ्यांचा वाढदिवस १ जून.

मुलगा चकित झाला. आम्ही हसलो. त्या पिढीत पोराला शाळेत घालायला न्यायचं, गुरुजी जन्मतारीख विचारायचे, आई म्हणायची, “थोरल्या दुष्काळानंतरच्या पावसात झाला,” आणि गुरुजी रजिस्टरात १ जून लिहून मोकळे व्हायचे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, वय बरोबर बसायचं. म्हणून तर सरकारी कचेऱ्यांत ३१ मेला निवृत्तीचे हारतुरे एकदम निघतात. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा फळ्यापुढे उभं राहून म्हणाले, “मी खरा श्रावणातला.” श्रावणात कधी, ते सांगायला आता कोणी उरलेलं नाही.

सहाही नावं लिहिली. ही तारीख गुरुजींनी लावली एवढं तर आपल्याला नक्की माहीत आहे, म्हणजे नियमात बसतं.

४ जून, बुधवार

परवाचं कार्ड अवघड आहे. शिवराज्याभिषेक: ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. इंग्रजी तारीख ६ जून १६७४. तिथीवाले आणि तारीखवाले असे दोन पक्ष आहेतच. यंदा वटपौर्णिमा १० तारखेला, तेव्हा त्रयोदशी तिच्या आधी, ६ तारखेशी जमत नाही. पण त्यात तिसरीही एक भानगड आहे आणि तिच्याकडे कोणी फारसं बघत नाही. हेन्री ऑक्सिंडेन हा इंग्रजांचा वकील त्या दिवशी रायगडावर होता. इंग्रज तेव्हा ज्युलियन म्हणजे जुनी कालगणना वापरत होते. ती आजच्या कॅलेंडरच्या दहा दिवस मागे चालायची. आजच्या हिशेबाने तो दिवस १६ जून १६७४.

म्हणजे ‘तारखेप्रमाणे’ म्हणून आपण जी पाळतो, ती तारीख आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली नाहीच.

तारीख बदलायची नाही असं ठरवलं. लोक ६ जूनलाच गडावर जातात आणि पाळण्याची तारीख हीही एक खरी गोष्ट असते. फक्त १७५२ पूर्वीच्या तारखेपुढे लहान अक्षरात ‘जु.’ लिहायचं. त्या वर्षी इंग्रजांनी सप्टेंबरातले अकरा दिवस गाळले, २ नंतर थेट १४ तारीख धरली आणि नव्या कॅलेंडरवर आले.

६ जून, शुक्रवार

वाद झाला, पण तिथीवरून नाही, मटणावरून.

‘वाचायला काही’ या रकान्यात मी जॉन फ्रायरच्या प्रवासवर्णनातला प्रसंग टाकला होता. फ्रायर त्याच काळात हिंदुस्थानात होता आणि त्याचं पुस्तक १६९८ मध्ये निघालं. ऑक्सिंडेनची मंडळी रायगडावर होती तेव्हा त्यांना रोज बकऱ्याचं मांस लागायचं. पुरवणारा खाटीक म्हातारा होता. या इंग्रजांनी महिनाभरात जेवढं मांस फस्त केलं तेवढं त्याने कैक वर्षांत विकलं नव्हतं, म्हणून हे गिऱ्हाईक दिसतं तरी कसं, ते बघायला तो गड चढून वर आला.

राज्याभिषेकाच्या वर्णनांत मला हा माणूस सगळ्यांत जवळचा वाटतो. सिंहासन, छत्र, होन, गागाभट्ट हे सगळं शाळेत पाठ झालेलं असतं. गड चढून धापा टाकत गिऱ्हाईक बघायला आलेला खाटीक कोणी सांगत नाही.

सेक्रेटरी काका म्हणाले, “अहो ताई, आज महाराजांचा दिवस आणि फळ्यावर मटण?” मी म्हटलं, काका, मटण फळ्यावर नाही, रायगडावर आहे, आणि खाल्लंय इंग्रजांनी. थोडा वेळ विचार करून ते म्हणाले, “मग राहू द्या. पण पदार्थ शाकाहारी.” पदार्थ होता मेथांबा: शेवटच्या कैऱ्या, फोडणीत मेथीदाणे तांबूस होईतो, मग फोडी, तिखट, मीठ, आणि फोडी शिजल्यावर गूळ. गूळ आधी घातला तर फोडी कडक राहतात, हे आजींनी खाली रेघ मारून लिहायला लावलं.

१२ जून, गुरुवार

गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापला तो १९०५ साली आजच्या दिवशी, पुण्यातच. पु. ल. देशपांडे गेले तेही १२ जूनला, २००० साली, पुण्यातच. पुण्यतिथी जन्मदिनाच्या रकान्यात जाणार नाही, इतिहासात जाईल, असा पोटनियम केला.

फळ्यासमोर उभं राहून लोक पुलंची वाक्यं म्हणत होते, त्यातली निम्मी पुलंची नव्हती.

२२ जून, रविवार

दोन दिवस फळ्याकडे कोणी बघितलं नाही, कारण पालख्या गावात होत्या. ज्ञानोबांची भवानी पेठेत पालखी विठोबाला, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. आमच्या इमारतीतून पिठलं-भाकरी गेली. आज पहाटे पालख्या निघाल्या आणि रस्ते एकदम रिकामे झाले.

कार्ड चाफेकरांचं. २२ जून १८९७, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाची साठी, गणेशखिंडीतल्या गव्हर्नराच्या बंगल्यावर मेजवानी. तो बंगला म्हणजे विद्यापीठाची आजची मुख्य इमारत. परतताना प्लेग कमिशनर रँडवर गोळी झाडली, इशारा होता “गोंद्या आला रे”. सोबतचा लष्करी अधिकारी आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. पाच ओळींत एवढं बसलं. प्लेगच्या झडत्यांबद्दल एक ओळ घातलीच पाहिजे असा माझा आग्रह होता. ती नसली तर गोळी अधांतरी राहते. रोगी शोधायला सोल्जर घरात, देवघरात, स्वयंपाकघरात शिरत होते, हे वाचल्याशिवाय आजच्या मुलाला त्या रागाचा पत्ता लागत नाही.

वाचायला इरावती कर्व्यांचा वारीवरचा लेख काढून ठेवला. ज्या प्रदेशातले लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, अशी व्याख्या त्यांनी त्यात केली. पण मला त्यातला जेवणाचा भाग मोठा वाटतो. दिवसभर एकत्र चालणारी, एकच अभंग म्हणणारी माणसं जेवायला जातवार वेगळी बसतात, हे त्यांना खुपलं आणि त्यांनी ते लिहिलं. पदार्थाच्या रकान्यात पिठलं होतंच. दोन रकाने एकमेकांशी बोलायला लागले तर असे बोलावेत.

२६ जून, गुरुवार

राजर्षी शाहू, १८७४. बालगंधर्व, १८८८. बालगंधर्व रंगमंदिराचं उद्घाटनही याच तारखेला, १९६८ मध्ये. पदार्थ: मध्यंतरातला बटाटेवडा. आज कोणाचाच आक्षेप नाही.

६ जुलै, रविवार

आजचा फळा आत्तापर्यंतचा सगळ्यांत चांगला, आणि त्यात योगायोगाचा भाग मोठा. आषाढी एकादशी आणि भांडारकर संस्थेचा स्थापनादिन एकाच दिवशी आले.

रामकृष्ण गोपाळ भांडारकर जन्मले ६ जुलै १८३७ रोजी. त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला, ६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या नावाची प्राच्यविद्या संशोधन संस्था निघाली. म्हणजे इतिहास आणि जन्मदिन हे दोन रकाने एकाच ओळीत भागले. मुलगा खूश, त्याचा खडू वाचला. राहिलेल्या जागेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीबद्दल लिहिलं. काम १९१९ मध्ये सुरू झालं, १९६६ मध्ये पुरं झालं, खंड एकोणीस. विष्णु सीताराम सुकथनकर १९२५ पासून प्रमुख संपादक होते आणि १९४३ मध्ये काम अर्ध्यावर असतानाच गेले. काश्मीरपासून केरळापर्यंतच्या पोथ्या जमवायच्या, एकेक श्लोक सगळ्या पोथ्यांतून ताडून बघायचा, जो पाठ जुना ठरेल तो वर आणि बाकी सगळे खाली तळटिपांत. टाकायचं काहीच नाही. आपण ‘महाभारतात असं आहे’ म्हणून जे ठणकावून सांगतो त्यातलं बरंच या तळटिपांत सापडतं. आमच्या खोक्यातल्या कार्डांची मागची बाजू याच विचाराने भरायची असं ठरलं: पाळली जाणारी तारीख पुढे, बाकीच्या मागे.

मग पदार्थ. आजींनी साबुदाण्याची खिचडी सांगितली आणि मी त्याखाली एक ओळ जोडली, तिने दिवसभर धुमाकूळ घातला. साबुदाणा कसाव्याच्या कंदाचा, शेंगदाणा, बटाटा, हिरवी मिरची, या चारही वस्तू मूळच्या अमेरिका खंडातल्या. पोर्तुगीज इकडे येण्यापूर्वी यातलं एकही आपल्याकडे नव्हतं. ज्ञानेश्वरांच्या काळी कोणी एकादशीला ही खिचडी खाल्ली असणं शक्यच नाही. उरले जिरे, तूप आणि मीठ.

पहिल्या मजल्यावरच्या काकू वर येऊन म्हणाल्या, “म्हणजे माझे आजवरचे उपास मोडले म्हणायचे का?” मी काही बोलायच्या आत आजी म्हणाल्या, “उपास पोटाचा असतो गं, इतिहासाचा नाही. तू खा.” आणि त्यांनीच संध्याकाळचा पदार्थ बदलून दिला: वरईचे तांदूळ, दाण्याची आमटी. एक वाटी वरई तुपात जिऱ्यावर परतायची, तीन वाट्या आधणाचं पाणी, झाकण ठेवून मऊ शिजवायची. आमटीला दाण्याचं कूट अगदी गुळगुळीत वाटून घ्यायचं, आमसूल, गूळ, जिरं, मिरची. दाणे-मिरची पुन्हा अमेरिकेचेच, हे मी बोलले नाही.

८ जुलै, मंगळवार

कालचा दिवस भारत इतिहास संशोधक मंडळाचा, ७ जुलै १९१०, वि. का. राजवाड्यांच्या पुढाकाराने. भांडारकर संस्थेनंतर लगेच दुसऱ्या दिवशी. या गावात जुलैचा पहिला आठवडा संशोधनसंस्था काढण्यासाठी राखीव असावा.

जानेवारीची कार्डं आतापासून करते आहे, कारण शनिवारवाडा मला छळत होता. पायाभरणी १० जानेवारी १७३०, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२. दोन्ही शनिवारी, म्हणून पेठेच्या आणि वाराच्या नावावरून शनिवारवाडा, असं सगळीकडे वाचायला मिळतं. मुलाला म्हटलं, मोबाइलमधल्या कॅलेंडरात हे वार काढ. त्याने काढले. दोन्ही मंगळवार.

“काकू, मंगळवारवाडा!” असं तो जिन्यात ओरडला.

कागद घेऊन बसलो. १७३० हे साल १७५२ च्या आधीचं, तेव्हा तारीख जुन्या कालगणनेची असणार आणि फरक अकरा दिवसांचा (१७०० नंतर दहाचे अकरा झाले). १० जानेवारीत अकरा मिळवले, २१ जानेवारी १७३०. वार शनिवार. २२ जानेवारी १७३२ ची झाली २ फेब्रुवारी. वार शनिवार. नियम खोक्याला चिकटवून महिना उलटला होता, पण तो खरा आहे याचा असा हिशेबी पुरावा हातात पहिल्यांदाच आला. तारीख नेमकी कोणत्या कालगणनेतली हे वाराने सांगितलं. जुन्या मराठी कागदात तिथीबरोबर वार दिलेला असतो तो किती कामाचा, हेही त्याने मुलाला कळलं. त्याने लगेच पानिपत काढून बघितलं: १४ जानेवारी १७६१, बुधवार, पौष शुद्ध अष्टमीलाही बुधवारच. ते १७५२ नंतरचं, त्यामुळे सरळ जुळलं.

त्याच झपाट्यात फेब्रुवारीचं कार्डही झालं. शिवजन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, हे जेधे शकावलीवरून, म्हणजे जेधे घराण्याकडच्या सालवार नोंदींवरून, आणि ती शकावली लोकमान्यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. इंग्रजी तारीख १९ फेब्रुवारी १६३० जु., आजच्या कॅलेंडरने १ मार्च. जयंती १९ लाच राहील. ‘जु.’ पुढे राहील. वाद घालणाऱ्याला कार्डाची मागची बाजू दाखवायची.

१२ जुलै, शनिवार

आज जन्मदिनाचा रकाना पुसून टाकला, वाचनाचाही. सगळा फळा एकाच गोष्टीला.

१२ जुलै १९६१. आंबी नदीवरचं पानशेत धरण मातीचं, अजून पुरं व्हायचं होतं. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती टाकून ते सावरायचा प्रयत्न केला, सकाळी ते फुटलं. ते पाणी खडकवासल्यावर आलं आणि एकोणिसाव्या शतकातलं ते दगडी धरणही दुपारी फुटलं. मुठेकाठच्या पेठा, आमची नारायण पेठ धरून, पाण्याखाली गेल्या. वीज गेली, नळाचं पाणी गेलं. गोखलेनगर, सहकारनगर इकडच्या पूरग्रस्त वसाहती त्यातून उभ्या राहिल्या. आज तिथे राहणाऱ्या कित्येकांना आपली वसाहत कशी झाली ते ठाऊक नसतं.

एवढं मी लिहिलं आणि खाली ओळ टाकली: ज्यांनी पाहिलं त्यांनी लिहावं, खडू खाली आहे.

हे चालेल असं वाटलं नव्हतं. दुपारपर्यंत फळा भरला. आजी तेव्हा इथेच, जुन्या वाड्यात, लग्न होऊन नुकत्या आलेल्या. त्यांनी लिहिलं नाही, मुलाला सांगितलं आणि त्याने लिहिलं: माळवदावरून पाहिलं, पाण्यावरून लाकडी कपाट बंदच्या बंद वाहत गेलं. दुसऱ्या कोणी: पाणी उतरल्यावर घरात गुडघाभर गाळ, आणि तो वास. तिसऱ्याने फक्त शाळेचं नाव लिहिलं, जिथे ते राहायला होते. एकाने भिंतीवर पाणी कुठपर्यंत होतं ती रेघ दाखवायला जागा शोधली, पण वाडाच पाडलेला, भिंत नाही.

पदार्थाचा रकाना ठेवावा का यावर माझा आणि आजींचा खल झाला. मला तो नको होता. त्या म्हणाल्या, “त्या दिवशी लोक जेवले नाहीत असं वाटतं का तुला? कोरडं पिठलं आणि भाकरी टोपल्यांनी आली. कोणी पाठवली विचारलं नाही.” ठेवला. कृती नाही लिहिली, फक्त नाव.

संध्याकाळी मुलाने फळ्याचा फोटो काढून ठेवला. पुसायला तो तयार नव्हता. रविवारचा मजकूर सोमवारी लिहिला.

१९ जुलै, शनिवार

जयंत नारळीकर, १९ जुलै १९३८, कोल्हापूर. गेल्या २० मे रोजी ते गेले, त्यामुळे हा पहिलाच वाढदिवस त्यांच्याशिवायचा. त्यांच्यावरचं टिपण मेच्या सुरुवातीलाच केलेलं होतं, त्यात क्रियापदं वर्तमानकाळी होती. ती बदलली.

केंब्रिज, फ्रेड हॉइल, १९८८ साली आयुका ही खगोलसंशोधनाची संस्था, २०१४ चं साहित्य अकादमी पारितोषिक त्यांच्या आत्मचरित्राला. हे सगळं थोडक्यात. पोस्टकार्डाची गोष्ट मात्र सविस्तर: सही मागणाऱ्या मुलांना ते म्हणायचे, सही नको, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तर देईन, त्याखाली सही येईलच. म्हणून ‘वाचायला काही’ या रकान्यात आज काही वाचायला दिलं नाही, प्रश्न मागवले. सर्वांत चांगला प्रश्न पहिलीतल्या मुलीचा: चंद्र दिवसा का दिसतो? मोठ्यांपैकी कोणाला नीट उत्तर येईना. नववीतल्याने चित्र काढून सांगितलं.

पदार्थ अळूवड्या, पावसाळा म्हणून. दुसरं कारण नाही.

२३ जुलै, बुधवार

केसरीवाडा चार पावलांवर, तेव्हा आज कमी लिहून चालणार नव्हतं आणि जास्त लिहायला नवीन काय? टिळकांबद्दल सगळ्यांना सगळं माहीत असतं. म्हणून आगरकरांकडून सुरुवात केली. आगरकर १४ जुलै १८५६, टिळक २३ जुलै १८५६, मधे फक्त नऊ दिवस. दोघांनी मिळून शाळा काढली, केसरी काढला, १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे तिथल्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात, दोघे डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र होते. तिथे रात्र रात्र बोलले. पुढे फाटलं, आगरकरांनी १८८८ मध्ये सुधारक काढला, आणि १८९५ मध्ये ते गेले तेव्हा चाळिशीही झाली नव्हती. नऊ दिवसांचं अंतर बघून लोक थबकत होते.

मुलांचा लकडा होता की पदार्थ शेंगांचाच हवा. टरफलांची गोष्ट सगळ्यांनाच सुचते. गोष्ट लिहिली, पण पदार्थाच्या रकान्यात, शेंगदाण्याच्या चटणीच्या डोक्यावर. इतिहासाच्या रकान्यात ती जाणार नाही. चटणी खलबत्त्यात कुटलेली, लसूण, लाल तिखट, मीठ. मिक्सरमध्ये तेल सुटत नाही म्हणून आजी मिक्सरला चटणीजवळ फिरकू देत नाहीत.

२९ जुलै, मंगळवार

नागपंचमी. जे. आर. डी. टाटा, १९०४. बाबासाहेब पुरंदरे, १९२२. आज चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा चढवायचा नाही, म्हणून पुरणाचे दिंड: कणकेची पुरी, मध्ये पुरण, चौकोनी घडी, मोदकपात्रात पंधरा मिनिटं, वरून तूप. उकडलेलं गोड खायला मुलं नाक मुरडतात, असा अनुभव आहे. दिंड संपले.

१ ऑगस्ट, शुक्रवार

या तारखेसाठीच मी फळा लावला असं म्हटलं तरी चालेल. १९२० साली १ ऑगस्टला मध्यरात्र उलटल्यावर मुंबईत सरदारगृहात लोकमान्य गेले. त्याच तारखेला वाटेगावात अण्णा भाऊ साठे जन्मले. आमच्या पेठेत आजवर या दिवशी एकच फोटो लागायचा. आता पुण्यातच काही वस्त्यांत दुसरा लागतो, आणि दोन फोटो शेजारी क्वचित दिसतात.

फळ्याचे रकाने उभे आहेत, त्यामुळे डावीकडे एक, उजवीकडे एक असं सहज झालं. अण्णा भाऊंची शाळा दीड दिवसाची. वाटेगावाहून मुंबईला पायी. गिरणी, शाहिरी, कथा, कादंबऱ्या. ‘फकिरा’ त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. सेक्रेटरी काका बराच वेळ वाचत उभे होते. मग त्यांनी विचारलं, “यांचं पुस्तक आहे का तुमच्याकडे?” दिलं.

श्रावणी शुक्रवार, जिवतीची पूजा, म्हणून पदार्थ पुरण. मंगळवारीही पुरणच झालं अशी तक्रार आली. आजी म्हणाल्या, श्रावण आहे, मी काय करू.

१७ ऑगस्ट, रविवार

गणपती २७ ला. त्या दहा दिवसांत मंडपामुळे फळा झाकला जाणार. मंडळाच्या मुलांशी बोलून तो स्टेजच्या डाव्या अंगाला न्यायचं ठरलं. उकडीची कृती आजी स्वतः लिहिणार. त्यात त्यांना मुलाचं अक्षर नको, प्रमाण चुकतं म्हणतात.

सप्टेंबरचं एकच कार्ड अडलं आहे, २४ तारखेचं. १८७३ मध्ये त्या दिवशी जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापला, पुण्यात. १९३२ मध्ये त्याच दिवशी पुणे करार झाला, येरवड्यात. प्रांतिक कायदेमंडळांत दलितांसाठी १४८ राखीव जागा ठरल्या. इतिहासाचा रकाना तेवढ्याने भरतो, जन्मदिन त्या दिवशी गाळणार. पेच पदार्थाचा आहे. घटस्थापना २२ ला, म्हणजे तिसरी माळ, आजींनी उपासाचं थालीपीठ धरलं आहे. पण २० ते २६ सप्टेंबर गांधीजींचं उपोषण चालू होतं, त्याच्या शेजारी उपासाचं थालीपीठ वाचून कोणाला तरी विनोद सुचणार. आजींना हे पटलं. ज्वारीची भाकरी आणि ठेचा लिहायचं, थालीपीठ २५ ला.

रंगीत खडू संपलेत, पांढरे दोन डबे आहेत. १ जूनवाल्या आजोबांनी पुढच्या वर्षीसाठी नाव बदलून मागितलं आहे: १ जूनला नको, श्रावणात कुठेही टाका. कार्ड केलं. पुढे ‘श्रावण’, मागे ‘स्वतः सांगितलं’.